सुतारवाडी, बोअर दुसरं

पहिल्या बोअरनं नुसती धूळ ओकली होती.
म्हणून दुसऱ्याला मला बोलावलं.
"पाणाड्याचा नारळ झाला," पोंक्षे म्हणाले,
"आता तुमची वायर."

कोरड्या भोकात माझं यंत्र मुकं असतं.
करंट खडकात शिरायला मधे पाणी लागतं,
हे ऐकून कमिटी एकमेकांकडे बघू लागली:
पाणी शोधायला आधी पाणी?
शेवटी टँकर आला. ढेबेनं पाइप सोडला.

शिकलगार विंचवर.
शिशाची कडी घातलेला दांडा
नव्वद मीटर खाली गेला, तळाला टेकला.
नोंद वर येताना घ्यायची,
केबल ताठ असते तेव्हा.

काळा पत्थर.
अकराशे. बाराशे चाळीस. चौदाशे.
रेघ कागदाच्या उजव्या कडेला चिकटून
वर वर येत राहिली.
इतकं सरळ "नाही"
माणसांकडून क्वचित ऐकलंय मी.

बहात्तर मीटरला रेघ कोसळली.
अकरा. बारा. अकरा.
खुर्च्या सरकल्या. कुणीतरी पेढ्यांचा विषय काढला.
मी म्हटलं, थांबा, ही तांबडी माती आहे,
दोन लाव्हांच्या मधली, भाजलेली.
कधीकाळी ही उघडी जमीन होती,
हिच्यावर ऊन पडलं असेल,
आणि मग दुसरा लोळ आला तो अजून वरच आहे.
ही करंटला लगेच वाट देते.
ओल धरते, सोडत नाही.
(आमचे भोरचे मामा असेच. प्रत्येकाला "हो, बघू की".
तात्यांनी त्या "बघू"वर एक आख्खं दुकान काढलं होतं.)

पेढे राहिले.
पुन्हा काळा. तेराशे, तेराशे, बाराशे ऐंशी.
पोंक्षे छत्री घेऊन सावलीत गेले.
कागद सरकत होता, ऊन चढत होतं,
शिकलगार आकडे असे पुकारत होता
जसे रेशनच्या रांगेत नंबर पुकारतात.

अडतीसला रेघ जराशी वाकली.
एकशे दहा. हातभर जाडी, फार नाही.
लगेच परत हजारावर.
मी पेन्सिलीनं टिंब केलं,
खडूचा कण असावा तेवढं.

तेव्हा ढेबे म्हणाला,
"साहेब, हे भोक भरंना का?"

सहा इंची, नव्वद मीटर.
मी मनात गुणाकार केला:
सोळाशे, फार तर सतराशे लिटर.
त्याचा टँकर अर्धा उतरला होता.
पाणी काठावर होतं तसंच,
ना वर येत होतं, ना खाली जात होतं,
पाइप मात्र धो धो चालू.
ढेबे गुडघ्यावर बसला,
केसिंगला कान लावला,
आणि हात वर करून आम्हाला गप्प केलं.

मग सगळे आळीपाळीनं वाकले.
मीही.
पंचवीस वर्षं खडकाला आकडे विचारतोय,
कान कधी लावला नव्हता.

पोंक्षे छत्री मिटून आले. "म्हणजे पाणी आहे?"
"जातंय एवढं नक्की," मी म्हणालो,
"येतं का, ते पंप लावून बघायचं."
टिंबापुढे लिहिलं: ३८, भेग.
मग प्रश्नचिन्ह.

केसिंगमध्ये दांडा शिरला, रेघ शून्यावर पडली.
लोखंडाला विचारून काही उपयोग नसतो.
शिकलगारनं कड्यांवरचा तांबडा लगदा
फडक्यानं पुसला, फडकं परत खिशात.

ढेबे पावतीपुस्तक उघडून उभा.
"भोकात राहिलं ते सोसायटीचं, मान्य," म्हणाला.
"पण खाली गेलं ते
कुणाच्या नावावर लिहू?"