तू लाईट

शाळा सुटते साडेचारला, माग थांबतात सातला.
मधले अडीच तास माझ्याकडे,
वडगावातल्या एका शेडमध्ये,
जिथले माग भंगारात गेले
आणि तेलाचे डाग तेवढे राहिले.

ऑफिसनं तक्ता दिलाय, लॅमिनेट केलेला :
सोमवार गाणी, मंगळवार कागदकाम,
बुधवार मूल्यशिक्षण, गुरुवारी पुन्हा गाणी.
मी तो खिळ्याला अडकवला.
मुस्तकीमनं उतरवून त्यावर चुरमुरे ओतले,
सगळ्यांना सारखे वाटले.
बुधवारच होता तो.

आज कोपऱ्यातलं पोतं उपडं झालं.
रिकाम्या कांड्या, चेपलेले कोन,
एक लाकडी धोटा, टोकाला अजून गुळगुळीत.
"काय करूलाय रे?"
"थांब की टीचर, अजून ठरलं नाही."
मी थांबले.
थांबायचं कसं ते ट्रेनिंगमध्ये नव्हतं,
तिथं टाळ्या होत्या, पाच प्रकारच्या.

शिवलीलानं फरशीवर रेघ ओढली
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
मला वाटलं, झालं. आता बाजू पडणार,
हे मराठी शाळेचे, हे कन्नडचे,
उर्दूवाल्यांनी कुठं उभं राहायचं ते बघा.
आमच्याकडं मोठ्या माणसांना
रेघ म्हटली की एकच सुचते.
मी उठलेसुद्धा.
खरं तिनं शेजारी दुसरी ओढली, मग तिसरी,
खडू संपला तेव्हा विटेचा तुकडा घेतला.
ताणा होता तो.
मी परत बसले, काही पडलेलं शोधत होते असं दाखवून.

परशराम धोटा. वाकून, हात पोटाशी धरून
इकडून तिकडं, तिकडून इकडं,
तोंडानं खट्याक् खट्याक्.
शिवलीला फणी, दहा बोटं ताणून.
बसलिंग मालक :
उपड्या बादलीवर बसून मीटर मोजायचे
आणि मधूनच उगाच ओरडायचं.
नूरजहाँ तुटलेले धागे जोडणार.
तिची बहीण, चार वर्षांची,
नुसती आडवी पडली.
ती साडी.
दर फेरीला तिला वीतभर ओढायचं.

"आणि मी?"
तीन भाषांत चर्चा झाली, माझ्यासमोर, मला न विचारता.
"तू लाईट.
डोळे उघडे तर आहे, मिटलेस तर गेली."

मी मिटले.
"करंट होतु!" बसलिंग ओरडला,
आणि शेड एकदम गप्प.
बाहेरच्या गल्लीतले खरे माग तेवढे चालू,
यांच्या आयांचे.

"मालक, शंभर रुपये द्या की उचल."
"शनिवारी."
"मागच्या शनिवारी पण शनिवारीच म्हणालात."
कुणी हसलं नाही.
कुणीतरी चहा ठेवला. स्टो पेटता पेटेना,
स्सू, स्सू, परशरामच असणार.

किती वेळ मिटायचे ते कुणी सांगितलं नव्हतं.
मी विचारलं, "येऊ काय आता?"
"लाईट कधी विचारून येते?"

पापण्या दुखायला लागल्या तेव्हा
कानाजवळ शिवलीला आली, हळू म्हणाली,
"टीचर, इतक्यात नको उघडू.
लाईट गेली की आई वेणी घालते."
मग फणी
साडीच्या केसांतून फिरू लागली.
मी ऐकत होते.
गुंता आला की थांबायची,
"आता झालं गं, झालं,"
आवाज दहा वर्षांच्या मुलीचा नव्हता.

एका बाजूची वेणी झाली, दुसरी झाली,
रिबिनीवरून भांडण झालं, मिटलं.
मी लाईट होते आणि
जन्मात पहिल्यांदा न आल्याबद्दल
मला कुणी शिव्या घालत नव्हतं.

सातला गल्ली थांबली.
आया आल्या, भुवयांवर कापसाची लव घेऊन.
"आज काय शिकलीस?"
"काही नाही," शिवलीला म्हणाली
आणि आईच्या केसांतला धागा ओढून काढला.

फरशी पुसायची राहिलीय.
रजिस्टरात, 'उपक्रम' या रकान्यात,
मी लिहिलं :
लाईट नव्हती.