गुरुवारचा डबा

रविवारी, दुपारची मासळी जिरायच्या आत,
मी ओट्यावर पाच डबे उघडे मांडतो.
काचेचे, निळ्या झाकणांचे,
म्हापशाच्या बाजारात घासाघीस करून घेतलेले,
रिपोर्टात साखर दोनशे बारा आली त्या आठवड्यात.
डॉक्टरीण म्हणाली, कॅन्टीनची पातळभाजी बंद, पावही बंद,
आणि चहात दोन-दोन चमचे घालतं कोण तुम्हाला?
म्हटलं, मीच.

कुंडईला औषधांच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो.
बावीस वर्षं एकच नियम,
जे आधी आलं ते आधी जावं.
खोक्यावर तारीख, बॅच, फळीचा नंबर.
तेव्हा घरीही पांढरी पट्टी, काळं पेन,
सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र.
बहीण कुठ्ठाळीहून आली, फ्रिज उघडून हसतच राहिली:
दादा, तुझ्या भाजीलाही मुदत?

सोमवार शिवराक, म्हणून मुगागाठी.
मूग शुक्रवारी रात्रीच भिजत घालावे लागतात,
ते विसरलं की अख्खा आठवडा लंगडतो.
मोडांच्या साली पाण्यावर येतात,
एकेक वेचताना रेडिओवरच्या बातम्या दोनदा होऊन जातात.
मंगळवारी आळसांद्यांचं तोणाक, नारळ निम्मा.
निम्म्या नारळाचं तोणाक
माझ्याकडे परक्या माणसासारखं बघतं.
बुधवारचा बांगडा वर, बर्फाच्या कप्प्यात,
तव्याला तेलाचं नुसतं बोट लावून भाजलेला.
गुरुवार पुन्हा शिवराक,
तांबडी भाजी, नाचणीची भाकरी,
नीरफणसाच्या कापा दोनच.
आणि शुक्रवारी काय, ते कधीच ठरलेलं नसतं.
उरेल त्याला मी शुक्रवार म्हणतो.
भात उकडा, एक मूठ.
मूठ कुणाची ते विचारू नये.

त्या सोमवारी रात्री साडेनऊला ट्रान्स्फॉर्मर उडाला.
ढवळीची सगळी उतरंड काळी झाली.
फ्रिजने एक सुस्कारा सोडला, आणि गप्प.
थंडावा जाईल म्हणून मी दार उघडलं नाही,
आजारी माणसाच्या खोलीबाहेर बसतात
तसा समोर खुर्ची टाकून बसलो.
बारा वाजले. मनात मोजत होतो,
तोणाक सकाळपर्यंत टिकेल, बांगड्याचं काही खरं नाही.

एकच्या सुमाराला खाली खांबाला शिडी लागली.
रोहिदास वेळीप, लाइनमन, मूळचा काणकोणकडचा,
वरूनच म्हणाला, सकाळपासून हा चौथा खांब,
जेवण राहिलंच.
मी टॉर्च घेऊन घरात गेलो,
हाताला लागला तो डबा आणला.

तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून जेवला.
हेल्मेटच्या दिव्यात पट्टी वाचली:
आज गुरुवार?
म्हटलं, आता झाला.
भाजी संपवली, कापा संपवल्या,
भाकरीच्या तुकड्याने काच पुसून घेतली.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
मीठ मात्शें उणें.
आणि डबा धुवायला पाणी मागितलं.

दोनला उजेड आला.
फ्रिज अंगभर थरथरला, कामाला लागला.
आत मंगळ होता, बुध होता, शुक्र होता,
मध्ये एका डब्याएवढी जागा.
हिशेबाच्या माणसाला अशी जागा दिसली
की रजिस्टर उघडावंसं वाटतं.
मी दिवा मालवून झोपलो.

गुरुवारी साडेबाराला इश्पेरांसने विचारलं, डबा कुठाय?
म्हटलं, गेला. त्याच्या आधी आलेले अजून होते तेव्हाच गेला.
तिला काही कळलं नाही, नियम तिने माझ्याकडूनच शिकलेला.
आणि खरं सांगायचं तर
मी कॅन्टीनमध्ये पातळभाजी खाल्ली, पावासकट,
बोटं चाटली.
डॉक्टरिणीला हे कळायची गरज नाही.

या रविवारी पुन्हा पाच डबे.
गुरुवारच्या भाजीत
चिमूटभर मीठ जास्त पडलं. पडलं म्हणजे, मीच टाकलं.