पुढची सीट

लेना नदीच्या धक्क्यापासून आमच्या गावापर्यंत चार तास.
गाडी माझी. पुढची सीट पाहुण्याची,
मागे त्यांच्या पेट्या, जादा चाक, पिठाची पोती.

पहिल्यांदा आली ती मातीची डॉक्टरीण.
थर्मामीटर मांडीवर, तान्ह्या पोरासारखा धरलेला.
म्हणाली, तुमच्या पायाखाली खडक नाही, बर्फ आहे,
हजारो वर्षांचा, आणि आता त्याला घाम फुटलाय.
मी म्हटलं, बाई, हे माझ्या दारालाही कळलंय.
दोनदा रंधा मारला तरी चौकटीत बसत नाही.

मग अर्थशास्त्राचा माणूस. बूट चकचकीत.
आग्राफेना मावशीच्या बुलूसमध्ये,
म्हणजे जमिनीखालच्या थंड कोठारात,
तो कंदील घेऊन वाकत वाकत उतरला
आणि वर येऊन विचारलं, याची किंमत किती धरू?
मावशी बोटांवर मोजायला लागली:
घोड्याचं मांस, तळ्यातले मासे,
पिण्याच्या पाण्यासाठी कापून ठेवलेल्या बर्फाच्या लाद्या,
नवऱ्यानं कुदळीनं खोदण्यात घालवलेले तीन हिवाळे.
"तिसऱ्यात तो खोकत होता. तेही धर."
त्यानं वहीत काही लिहिलं. मग खोडलं.
परतीचे चार तास तो खिडकीबाहेर बघत होता.

इतिहासवाला जुन्या करवसुलीच्या वह्या वाचत यायचा
आणि प्रत्येक पानाला शिंकायचा.
कायद्याच्या बाईंना एकच शंका:
खचलेलं शेत हे शेत, की तळं?
सरकारी कागदावर ते अजून कोरडंठाक आहे.

आणि तुयारा. शहरात वाढलेली आमचीच पोर,
शब्द गोळा करणारी.
तिला मावशीनं चुलीपाशी बसवलं.
जमिनीवर टेंगळं येतात ते बिल्लार.
टेंगळांमधल्या खड्ड्यात पहिलं पाणी साचतं ती द्युओद्या.
पाणी खोल जातं ते तिम्पी.
आणि सगळं आटून गवत उगवतं तो आलास,
जिथं आपली गुरं चरतात, जिथं तुझी आजी नांदायला आली.
तुयाराची लेखणी थांबली.
"म्हणजे तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं?"
"होतं की.
पण पहिल्या शब्दावरून दुसऱ्यावर जायला
कितीतरी पिढ्या लागायच्या.
मी एकटीच जाऊन पोचले."

असे एकेक येत, एकेक जात.
एकाचं दुसऱ्याच्या कानावर नसे,
सगळ्यांचं माझ्या एकट्याच्या.
मला वाटायचं, कधीतरी सांगावं.
पण ड्रायव्हरला कोण विचारतो?

ऑगस्टात नदीवरची फेरीबोट तीन दिवस बंद पडली
आणि चौथ्या दिवशी पाचही जण एकदम गाडीत.
पहिला तास आकड्यांवरून भांडण.
दुसऱ्या तासाला रस्ताच खाली बसला,
चाकं आसापर्यंत आत.
मातीवाली म्हणाली, फळ्या डावीकडे टाका.
इतिहासवाला म्हणाला, जुनी डाकेची वाट उजवीकडून होती.
तुयारानं त्या जागेचं नाव दोनदा पुटपुटलं,
म्हणाली, याचा अर्थ, इथं बैल सोडू नये.
कायद्याच्या बाई गुडघाभर चिखलात,
हा रस्ता नक्की कुणाच्या मालकीचा, हे आता विचारत नव्हत्या.
अर्थशास्त्राच्या माणसानं बूट काढून टपावर ठेवले
आणि खांदा लावला.
गाडी निघाली.
पण मागच्या बाजूला.

रात्र पडता पडता पायीच गाव गाठलं.
मावशीनं कुणालाही काही विचारलं नाही.
लोण्यात तळलेल्या पोळ्या वाढल्या, मग कंदील उचलला.
बुलूसच्या शिडीला अकरा पायऱ्या.
वरच्या सहा कोरड्या.
सहाव्या पायरीपर्यंत एकामागे एक उतरले सगळे,
एकमेकांचे खांदे धरून,
आणि खाली काळ्या पाण्यात थेंब पडत होता
तो ऐकत उभे राहिले.
कुणी वही काढली नाही. जागाच नव्हती.

मी वरती, झडप हातात धरून.
घर कललंय ना,
हल्ली ती आपणहून उघडी राहत नाही.