एक पाऊल मागे

कान मागे चिकटले की समज,
यादोबा म्हणाले होते. मला समजलं
दात दंडात रुतल्यावर.

कंपूच्या मैदानात धूळ, उतरता मे,
मुश्की मागच्या पायांवर उभी
आणि माझ्यापाशी चाबूक, शिवी, दोन्ही तयार.

‘टाक तो खाली. तोंडासमोरून हो बाजूला,
खांद्यापाशी राहा. दोर ओढू नकोस.
सोडूही नकोस.’

तासभर आम्ही एकमेकींचा घाम काढला.
मग तिनं एक पाऊल मागे घेतलं.
एकच.
मी दोर सैल केला.

‘बस, आज इथंच.
हरवू नकोस तिला,
उद्या तिच्याच पाठीवर बसायचंय.’

खरारा करताना ती पुन्हा कान पाडते.
मी बोलत राहते, अर्धं मराठी, अर्धं हिंदी,
दुखरा हात
थांबवत नाही.