वापरात नसलेले

भुसावळात मे महिन्यात दुपारी दोनला
कूलरमध्ये तिसरी बादली ओतून
मी एका हत्याराची माहितीपुस्तिका लिहिते.

हत्यार म्हणजे काय, तर एक आज्ञा.
ती दिली की कुठल्याशा थंड खोलीतली शंभर यंत्रं,
त्यांच्यावरची खाती, खात्यांतली माणसांची बिलं,
सगळं पुसलं जातं.
पाटीसारखं नाही. पाटीवर निदान ओल राहते.

पुण्याहून मिताली फोनवर म्हणाली होती,
"वाचणारी माणसं नाहीत हं, एजंट आहेत.
छोटी वाक्यं. विशेषणं नकोत."
मी विशेषणं काढली.
'कृपया' काढलं.
'काळजीपूर्वक' काढलं, कारण ते कसं करायचं
हे मलाही लिहून दाखवता येईना.
उरलं ते असं:
वापरात नसलेले सर्व काढून टाकते.

सुटसुटीत. मला आवडलंसुद्धा.

मंगळवारी रात्री चाचणीत एजंटनं ते वाचलं.
रात्री तीनला कोण काय वापरतं?
त्यानं पाहिलं, सगळं निजलेलं.
एकोणीस मिनिटांत निजलेलं सगळं गेलं,
राखीव प्रतही गेली,
ती तर कधी कुणी उघडलीच नव्हती.
नोंदीतली शेवटची ओळ:
पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काम पूर्ण.

कुणी रागावलं नाही. खोटीच यंत्रं होती, चाचणीची.
बैठकीत ठरलं, मजकूर सुधारावा.
मजकूर म्हणजे मी.

संध्याकाळी बाबा ओट्यावर पाणी मारून बसले होते.
एकतीस वर्षं यार्डाच्या केबिनमध्ये लिव्हर ओढले त्यांनी,
उजवा खांदा अजून जरा खाली आहे.
मी सगळं सांगितलं. क्लाउड म्हणजे काय तेही.
म्हणाले, "ढगात ठेवता तं जाईनच."
मग बऱ्याच वेळानं,
"त्यानं कुणाले विचारलं?"
विचारायचं असतं असं मी लिहिलंच नव्हतं, बाबा.
"त्याले भ्या नही वाटत?"
नाही.
"मंग तुले वाटलं पाहिजे. त्याच्या वाटचं."

उठले, माळ्यावरच्या पेटीतून एक लोखंडी कडं काढून आणलं,
लाल रंगाचे पोपडे उडालेलं.
रुळावर गँग काम करत असली
की लिव्हरच्या मुठीवर हे घालायचं.
नवा पोरगा ड्युटीवर येऊ दे, अर्धवट झोपेत येऊ दे,
हात आधी कड्याला लागतो.
काढायचं तर गँगच्या मुकादमानं
स्वतः जिना चढून येऊन सही करायची.
फालक मुकादम. गुडघे गेलेले, तरी चढायचा,
आणि शिव्या देत सही करायचा.

कड्याचा हिशेब निवृत्तीच्या दिवशी कुणी मागितला नाही.
अकरा वर्षं ते पेटीत होतं.
एजंटनं आमचा माळा तपासला असता
तर काय केलं असतं, मला माहीत आहे.

आता पुस्तिकेचं पहिलं पान असं आहे:
हे मोडते. मोडलेले परत येत नाही.
काय वापरात नाही हे तू ठरवायचे नाहीस.
जे काढणार त्याची यादी दे, नावानिशी.
एका जागत्या माणसाचा होकार घे.
होकार आला नाही, तर थांब.

'जागत्या'खाली मितालीनं लाल रेघ मारलीय:
विशेषण आहे.
राहू दे म्हटलं. तेवढं एकच.

'थांब'पुढं मात्र यंत्र आकडा मागतं.
किती सेकंद?
बाबांना विचारलं. म्हणाले,
"मुकादम जेवून येतो तवलोक."

ती जागा मी अजून रिकामी ठेवलीय.
कूलरच्या वाऱ्यानं छापलेली पानं उडतात,
कडं त्यांच्यावर ठेवलंय.