पागनीस कुठून सुरू करावेत

ईश्वरी घोरपडे विचारते, काका, कुठून सुरू करू?
दांडिया बाजारात, माझ्या ओट्यावर,
अकरा नावांची यादी घेऊन बसली आहे.
शाळा गुजरातीतली; बिनरेघेच्या अक्षरांत वाढलेली पोर.
मराठीची शिरोरेषा तिला
कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी दिसते म्हणे.
वाचते हळू,
पण दोरीवरचा एक कपडा सोडत नाही.

तर पागनिसांनी शेवट आधी लिहिला.
'मिठाचा तट' पहिलं छापलं गेलं,
आणि त्यात निमखार केव्हाच बुडालेलं आहे,
राणीच्या नावाचं एक बंदर तेवढं उरलंय.
राणी जन्मते नवव्या पुस्तकात.
छापल्या क्रमानं गेलीस
तर आधी राख भेटेल, मग चूल.
निमखारच्या सनावळीनं गेलीस
तर नववं, अकरावं, मग चौथं.
पण नवव्यात पागनीस थकलेत,
त्यांची वाक्यं बसायला खुर्ची शोधतात.
पहिल्याच भेटीला दमलेला माणूस कशाला?

मला कुणी क्रम सांगितला नव्हता.
एकोणिसाव्या वर्षी लायब्ररीत लागलो,
परत आलेली पुस्तकं जागेवर लावायला.
तिथली जमीन काचेची. वर कुणी चाललं
की खाली आपल्या डोक्यावरून
पावलांचे ढग सरकायचे.
माझ्यापुढे एक वाचक होता. किंवा होती.
कार्ड नंबर अकराशे बेचाळीस.
त्या कार्डावरून पागनीस एकेक परत यायचे,
पानांत कधी मकरपुऱ्याच्या बसचं तिकीट,
कधी बडीशेपेचे दोन दाणे.
कपाटात लावण्याआधी मी ते घरी न्यायचो.
तिसरं. पहिलं. आठवं. पाचवं.
मग अकराशे बेचाळीसनं सहावं नेलं
आणि ते आलंच नाही.
तीन कार्डं मीच लिहिली, पाणीगेटच्या पत्त्यावर.
तिसरं परत आलं. घर बदलले.

पाचव्यात नावाडी दोन्ही हातांनी वल्हं मारतो.
सातव्यात एकानं.

पन्नास वर्षं मी तो हात
नाना तऱ्हांनी तोडत आलो.
मगरीनं नेला. राणीनं पणाला लावला.
मिठानं खाल्ला, बोटापासून खांद्यापर्यंत, सावकाश.
कुमुद गेली त्या वर्षी मात्र वाटलं,
तुटला वगैरे नसेल,
कुणाचा तरी हात धरला असेल त्यानं
आणि तो तिकडेच राहिला असेल.

एवढं सगळं मी ईश्वरीला सांगितलं नाही.
सहावं मिळत नाही, इतकंच म्हणालो.
तिनं मोबाईल काढला. सेव-उसळीवर लिंबू पिळून होईपर्यंत
म्हणाली, हे बघा.
कुणीतरी पानन्‌पान फोटो काढून ठेवलेत.
दोनशे चौदा. एका पानावर
पुस्तक धरणाऱ्याचा अंगठा आलाय,
नख वाढलेलं.

मी चष्मा काढून पुसत बसलो.
मग म्हणालो, तू सहाव्यापासून सुरू कर.
मधूनच? म्हणाली.
मधूनच. माझ्याकडे दहा आहेत, तुझ्याकडे ते एक.
तू तुझ्या बाजूनं ये.
आणि मला सांगायचं नाही.

मंगळवारी आली. चाळीस पानं झाली म्हणे.
ओट्यावर बसली, मोबाईल उलटा ठेवला,
आणि बराच वेळ समोरच्या पानवाल्याकडे बघत राहिली.
काका, तो नावाडी तुम्हाला आवडायचा का?

वाच पुढे, म्हणालो. अजून दोन्ही आहेत ना?

तिनं मान हलवली.
हो की नाही,
ते मी बघितलं नाही.