जागा

इथला समुद्र गोड्या पाण्याचा.
जानेवारीत गोठतो, आणि दुलुथच्या खाडीवर
मासे धरणाऱ्यांच्या पत्र्याच्या खोल्या उभ्या राहतात.
खारा समुद्र आमच्या तळघरात आहे,
कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी.
नव्वद गॅलन.

रेइनोने चौतीस वर्षं जहाजांत लोहखनिज ओतलं,
टनांच्या हिशेबात.
आता कॅल्शियम ओततो, चमच्याने,
आणि अर्धं फरशीवर सांडतं.
तो म्हणतो, चमचा लहान आहे.
मी म्हणते, हो, लहानच आहे.

शिंपला आला त्या दिवशी दाराची कडी बोटाला चिकटत होती.
कोसराए बेटावर, हौदात जन्मलेला,
तीन विमानं बदलून, पिशवीतल्या पेलाभर पाण्यात
घट्ट मिटून बसलेला.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
ही मूठ झाकलेली राहिली तर उपाशी मरते.
उघडली तरच आत उजेड,
आणि उजेड हेच जेवण:
मांसात पोसलेलं शेवाळ तो रांधतं
आणि घरमालकाला वाढतं.

रेइनोला तो वर हवा होता,
खडकाच्या माथ्यावर, दिव्याच्या बरोबर खाली,
खुर्चीतून दिसेल असा.
पण त्यालाच ठाऊक, एकदम वर ठेवायचं नसतं.
आठवडाभर वाळूत. मग एक पायरी. मग आणखी एक.
नाहीतर भाजून निघेल, म्हणाला,
जूनमध्ये शर्ट काढलेल्या आपल्या सिल्व्होसारखा.

त्याने स्वतः हात घातला.
शिंपल्याच्या कडेला डोळे असतात, शेकड्यांनी,
टाचणीच्या टोकाएवढे.
त्यांना माणूस दिसत नाही, फक्त सावली हलली ते कळतं.
सावली थांबली की तो उघडतो.
रेइनोच्या हाताची सावली थांबत नाही.
दोन वर्षं झाली.

मग मी बाही वर केली.
तो सांगतो, मी ठेवते.
डावीकडे. बिजागरी खाली. प्रवाह तोंडावर नको.
एल्मा, तो बटाटा नाहीये.

तिसऱ्या पायरीवरून त्याने रात्री उडी घेतली.
पुन्हा ठेवला, पुन्हा पडला.
चौथ्या सकाळी जागेवर नव्हता;
पंपामागच्या कपारीत, अर्ध्या उजेडात
खडकाला दोरे बांधून बसलेला.
ओढू नकोस, रेइनो ओरडला,
दोरे कापले तर पुन्हा विणेल,
मुळासकट उपटलेस तर संपला.
मी ब्लेड घेऊन कोपरापर्यंत पाण्यात उभी होते.
कापायला सोपं होतं.
बाहेर काढलं, पुसलं, डब्यात ठेवलं.
दिवा सरकवला वीतभर.
आणि खुर्ची उचलून यंत्राच्या पलीकडे नेली,
जिथून फक्त ती कपार दिसते,
आणि मळक्या कपड्यांची टोपली.

रात्री दिवे गेल्यावर गोगलगाई येतात,
साबुदाण्याहून बारीक, शिंपल्याचं रक्त पिणाऱ्या.
टॉर्च तोंडात धरून मी त्याची कूस घासते
रेइनोच्या जुन्या ब्रशने.
त्याला आता विजेवरचा लागतो.

पहाटे अंथरूण रिकामं असतं.
जिन्यातून विचारते, जागा आहे?
खालून उत्तर येतं, मिटलाय गं, झोपलाय.
मी तुझं विचारते, असं मी म्हणत नाही.

मार्चमध्ये शिंपल्याला नवी कड फुटली,
नखाच्या चंद्राएवढी, पांढरी.
मोजू या, म्हणाला, आणि पट्टी मी नीट धरावी म्हणून
माझं मनगट धरलं.
त्याची थरथर माझ्यातून पाण्यात उतरली.
शिंपला मिटला.

आम्ही हात काढला नाही.
शेजारी यंत्र कपडे पिळत होतं.
ते थांबलं, मग पाणी थांबलं,
मग बऱ्याच वेळाने कपारीत
एक निळी कड, थोडीशी.